हिवाळी पाहुण्यांचा हिशेबनीस

दिवाळी सरते, कपाशीची वेचणी जोरात सुरू होते आणि सातपुड्यावरून उतरणारे वारे गार होऊ लागतात. बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोद परिसरात याच सुमारास दूरदेशीचे पाहुणे दाखल होतात. ज्वारीच्या शिवारावर भोरड्यांचे थवे उतरतात. ओढ्याच्या काठाने धोबी पक्षी शेपटी हलवीत फिरू लागतो. पाझर तलाव आणि लहान-मोठ्या धरणांच्या पाण्यावर थापट्या, तलवार बदक, चक्रांग अशी उत्तरेकडची बदके विसावतात. हिमालय ओलांडून, हजारो किलोमीटर अंतर कापून आलेले हे जीव फाल्गुन सरता सरता पुन्हा परतीच्या वाटेला लागतात.

हे पाहुणे येतात, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ते किती येतात, गेल्या वर्षापेक्षा वाढले की घटले, हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो आणि जानेवारीत ठिकठिकाणच्या पाणवठ्यांवर पाणपक्ष्यांची गणना होते. सप्ताहाचा पहिला दिवस अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, तर अखेरचा दिवस डॉ. सलीम अली यांच्या जन्माचा. चितमपल्लींनी विदर्भाचे जंगल मराठी वाचकांच्या घरात आणले. सलीम अलींनी पक्षी पाहणाऱ्यांच्या हातात दुर्बिणीबरोबर नोंदवही दिली. त्या नोंदवहीने पुढे खुद्द त्यांच्याच एका मताला खोटे ठरविले. त्यांच्या आयुष्याची कहाणी या अंगाने सहसा सांगितली जात नाही.

पिवळ्या गळ्याची चिमणी

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. सुलेमानी बोहरा कुटुंबातील भावंडांत ते सर्वात धाकटे. वर्षाचे होतात न होतात तोच वडिलांचे छत्र हरपले आणि तिसऱ्या वर्षी आईही गेली. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी या पोरक्या भाच्यांना वाढविले. मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांनीच भाच्याच्या हाती छऱ्याची खेळण्यातली बंदूक दिली.

त्या बंदुकीने दहा-अकरा वर्षांच्या सलीमने एक चिमणी टिपली. नेहमीच्या चिमणीसारखीच, पण गळ्यावर पिवळा ठिपका असलेली. ही कोणती चिमणी, याचे उत्तर घरात कोणाकडेच नव्हते. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला. ती होती रानचिमणी. एवढ्यावर न थांबता त्यांनी या मुलाला सोसायटीचा पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्याची कातडी जतन करण्याची विद्या शिकविण्याची सोय केली. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेशी त्या दिवशी जुळलेले नाते पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे टिकले.

शाळेत मात्र त्यांचे मन फारसे रमले नाही. डोकेदुखीच्या आजाराने शिक्षणात खंड पडला आणि १९१३ मध्ये ते कसेबसे मॅट्रिक झाले. त्यानंतर भावाच्या मदतीसाठी ते ब्रह्मदेशातील टेव्हॉय येथे गेले. तेथे कुटुंबाचा खाणीचा व लाकडाचा व्यवसाय होता. धंद्यापेक्षा भोवतालच्या जंगलातच त्यांचा जीव अधिक गुंतला. १९१७ मध्ये मुंबईला परतल्यावर व्यापारी शिक्षण घेता घेता त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्राचेही धडे गिरविले. डिसेंबर १९१८ मध्ये तहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पदवीविना शास्त्रज्ञ

पक्ष्यांवर पोट भरेल अशी नोकरी त्या काळी जवळजवळ नव्हतीच. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागातील पक्षिशास्त्रज्ञाची जागा पदवी नसल्यामुळे हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्ग विभागाचे मार्गदर्शक व्याख्याते म्हणून त्यांना काम मिळाले. दोन वर्षांतच त्यांनी रजा घेऊन जर्मनी गाठली. बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन स्ट्रेसेमान या अग्रगण्य पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी धडे घेतले. उत्तर समुद्रातील हेलिगोलँड बेटावर स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याची पद्धतही त्यांनी तेथेच पाहिली.

१९३० मध्ये मायदेशी परतावे तर निधीअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. पदरी नोकरी नाही, मुंबईत राहणे परवडत नाही, अशा स्थितीत हे दाम्पत्य अलिबागजवळच्या किहीम येथे जाऊन राहिले. घराच्या आसपास सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्याचे दिवस सलीम अलींनी त्या घरट्यांसमोर बसून काढले. नर सुगरण अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर मुक्काम करते, मग नर ते पुरे करून दुसऱ्या घरट्याच्या आणि दुसऱ्या मादीच्या मागे लागतो, असा सारा क्रम त्यांनी टिपला. मेलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांवर पोसलेल्या तत्कालीन पक्षिशास्त्रात जिवंत पक्ष्याची ही दैनंदिनी नवी होती. बेकारीच्या त्या काळातील निरीक्षणांनीच त्यांना संशोधक म्हणून नाव मिळवून दिले.

पुढची वाटही त्यांनी स्वतःच शोधली. अनेक संस्थानांतील पक्ष्यांची पद्धतशीर नोंद कधी झालीच नव्हती. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, मी विनावेतन पाहणी करतो, असा प्रस्ताव त्यांनी संस्थानांपुढे ठेवला. हैदराबादपासून सुरुवात झाली. त्या वेळचे हैदराबाद संस्थान म्हणजे आपल्या बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिणेला लागून असलेला मराठवाडाही त्यात आला. मग त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ असा क्रम लागला. तंबू, बैलगाडी, कंदील आणि वही एवढ्या सामग्रीवर महिनोन्‌महिने रानात काढायचे. तहमिना बेगम या मोहिमांत त्यांच्या सोबत असत. शहरी सुखसोयींत वाढलेल्या या स्त्रीने तंबूतला संसार आनंदाने केला. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले आणि सलीम अली एकाकी झाले. त्यानंतर त्यांनी स्वतःला कामात अधिकच बुडवून घेतले. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने हजारो सामान्य वाचकांना पक्षी ओळखायला शिकविले. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिपली यांच्यासमवेत लिहिलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा झाला.

मारलेल्या पक्ष्यांची मोजणी

हिवाळी पक्ष्यांची मोजणी भारतात नवी नव्हती. फक्त मोजले जात ते मारलेले पक्षी. राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव तळे हे त्याचे ठळक उदाहरण. दर हिवाळ्यात तेथे उत्तरेकडून बदकांचे प्रचंड थवे उतरत आणि संस्थानिक आपल्या बड्या पाहुण्यांसाठी शिकारीचा बेत आखीत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. योगायोग असा, की सलीम अलींनी त्याच दिवशी वयाची ४२ वर्षे पूर्ण केली होती.

सलीम अली स्वतः बंदुकीला अस्पर्श नव्हते. लहानपणी त्यांनी हौसेने आणि पुढे अभ्यासासाठी पक्षी मारले. शास्त्रासाठी नमुने गोळा करणे त्यांना गैर वाटत नसे. पण एका दिवसाच्या करमणुकीसाठी हजारो जीव टिपणे आणि त्या आकड्याचा दगड कोरून ठेवणे हे वेगळे. स्वातंत्र्यानंतर केवलादेवचे पाणी काढून ती जमीन शेतीखाली आणावी अशी मागणी झाली, तेव्हा त्यांनी थेट पंतप्रधान पंडित नेहरूंपर्यंत गाऱ्हाणे नेले आणि तळे वाचले. पुढे ते अभयारण्य झाले, मग राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ मध्ये त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

याच तळ्यावर त्यांनी मोजणीचा अर्थ बदलला. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांनाही तापाची लागण झाली. या रोगाचा विषाणू रशियातील एका विषाणूशी मिळताजुळता निघाला. सायबेरियाकडून येणारे पक्षी गोचिडांमार्फत तो आणत असतील काय, अशी शंका उपस्थित झाली. या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेचे साह्य मिळाले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने स्थलांतराचा मोठा प्रकल्प हाती घेतला. बिहारमधील मीरशिकार, म्हणजे परंपरेने पक्षी पकडणारे कसबी लोक, जाळी लावून पक्षी जिवंत पकडीत. त्यांच्या पायात क्रमांकाचे हलके कडे चढविले जाई. हे कडे सापडल्यास मुंबईच्या सोसायटीला कळवावे, असा मजकूर त्यावर कोरलेला असे. भारतात घातलेली कडी मग रशिया आणि मध्य आशियातून सापडल्याची पत्रे मुंबईत येऊ लागली. हिवाळी पाहुण्यांचे मूळ गाव अशा रीतीने कळू लागले. रोगाचा ठपका पक्ष्यांवर ठेवण्याजोगा पुरावा मात्र मिळाला नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांना बर्ड फ्लूची लागण झाली, तेव्हाही पहिले बोट स्थलांतरित पक्ष्यांकडेच दाखविले गेले. कोणता पक्षी कुठून, केव्हा आणि कुठे येतो याची नोंद अशा वेळी किती मोलाची ठरते, हे निराळे सांगायला नको.

भरतपूरच्या सायबेरियन क्रौंचांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यावर तेथे हिवाळ्यात सुमारे दोनशे क्रौंच येत. पुढे दर हिवाळ्यात आकडा उतरत गेला आणि २००२ मध्ये अखेरची जोडी दिसली. वाटेत होणारी शिकार भरतपूरच्या कुंपणाने थांबणार नव्हती. पण हा ऱ्हास जगाला कळला तो दर वर्षी कोणीतरी मान मोडून मोजत होते म्हणून.

नोंदवहीचा निकाल

आता सलीम अलींच्या आयुष्यातील त्या अवघड पानाकडे वळू. केवलादेवच्या परिसरातील गावांची गुरे-म्हशी पिढ्यान्‌पिढ्या तेथे चरत. गुरांमुळे पाणपक्ष्यांच्या अधिवासाला धोका पोहोचतो, असे सलीम अलींचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ठाम मत होते. राष्ट्रीय उद्यानाच्या नियमांनुसार १९८२ मध्ये चराई बंद करण्यात आली. पर्यायी व्यवस्था न झाल्याने गावकरी संतापले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात संघर्ष पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात काही गावकऱ्यांचे प्राण गेले.

तळ्यावर त्या वेळी सोसायटीचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झालेला होता. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली संशोधक वर्षानुवर्षे पाणी, गवत, मासे आणि पक्षी यांची मोजदाद करीत होते. १९९१ मध्ये त्याचा अहवाल आला. म्हशी चरायच्या थांबल्या तसे पाण्यात वाढणारे गवत माजले. त्याने मोकळे पाणी झाकून टाकले आणि बदकांना उतरायला जागाच उरेना. चराईबंदीने पक्ष्यांचा फायदा होण्याऐवजी तोटाच झाला, असा निष्कर्ष सलीम अलींच्याच संस्थेने, त्यांनीच पुरस्कारलेल्या पद्धतीने काढला.

तो वाचायला सलीम अली हयात नव्हते. कोणाला वाटेल, की एवढ्या थोर माणसाच्या चुकीची आठवण कशाला काढावी? परंतु हेच त्यांच्या कार्याचे खरे मोठेपण म्हणायला हवे. त्यांनी निव्वळ मते मागे ठेवली असती तर त्यांच्यामागे अनुयायांनी तीच उगाळली असती. त्यांनी मोजणारी माणसे मागे ठेवली. त्या माणसांनी गुरूचा मान राखूनही आकड्यांशी प्रतारणा केली नाही. गावकऱ्यांनी मोजलेली किंमत मात्र कोणत्याही अहवालाने भरून येण्यासारखी नव्हती. आधी मोजणी आणि मग निर्णय, असा क्रम राहिला असता तर कदाचित ती टळली असती.

खोट्या नोंदीची किंमत

नोंद प्रामाणिक नसेल तर काय होते, याचा दाखला आपल्या सातपुड्यातच आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीने दिसले नव्हते. ग्रंथांत मात्र १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे ते मिळाल्याची नोंद होती. ती करणारे होते ब्रिटिश लष्करी अधिकारी रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन. पक्षिशास्त्रात त्यांचा मोठा दबदबा होता. सलीम अलींनीही १९३७ मध्ये त्यांच्यासोबत अफगाणिस्तानची मोहीम केली होती. हा गृहस्थ संग्रहालयांतील जुने नमुने चोरून त्यांवर खोट्या जागा व तारखा लिहीत असे, हे त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी उघड झाले. मांडवीचा रानपिंगळा हा वस्तुतः जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात मिळविलेला नमुना होता.

ही लबाडी अमेरिकी संशोधिका पामेला रासमुसेन यांनी शोधून काढली. खोटी नोंद बाजूला सारून त्या सहकाऱ्यांसह खऱ्या नोंदींच्या मागावर निघाल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! त्यानंतर मेळघाटातही त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. जळगाव जामोदला लागून असलेल्या संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य याच मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

अखेरचे दिवस

मानसन्मान सलीम अलींच्या वाट्याला उशिरा पण भरभरून आले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, त्याच सुमारास वन्यजीव रक्षणासाठीचा गेटी पुरस्कार. त्या पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीसाठी दिली. १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली आणि त्याच वर्षी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. बालपणीच्या त्या चिमणीचा उल्लेख त्यांनी शीर्षकातच केला. २० जून १९८७ रोजी मुंबईत वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. त्याच वर्षी भारतीय उपखंडात आशियाई पाणपक्षी गणनेला सुरुवात झाली. गोव्यातील चोडण बेटावरचे पक्षी अभयारण्य, छत्रपती संभाजीनगरातील सरोवर, कोइमतूरची संशोधन संस्था आज त्यांचे नाव धारण करतात.

खरे स्मारक मात्र दर जानेवारीत पहाटेच्या धुक्यात उभे राहते. पाणपक्ष्यांच्या गणनेला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. दर वर्षी तोच पाणवठा, शक्यतो तीच वेळ, एक दुर्बीण, एक वही आणि सोबतीला आणखी एक माणूस. मोठा थवा असला तर आधी दहा पक्षी मोजायचे, तेवढ्या जागेचा अंदाज नजरेत बसवायचा आणि मग दहादहाने किंवा शंभराने पुढे जायचे. ओळख पटली नाही तर तसे लिहायचे. एकही पक्षी दिसला नाही, तर शून्य लिहायचे. हे शून्यच पुढे सर्वाधिक बोलके ठरू शकते.

लोणार सरोवराला २०२० मध्ये रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला आणि बुलडाणा जिल्ह्याचे नाव पाणथळींच्या जागतिक नकाशावर आले. त्याच जिल्ह्याच्या उत्तरेकडील लहान तलावांकडे अभ्यासकांची पावले क्वचितच वळतात. पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पामुळे जळगाव जामोद आणि लगतच्या तालुक्यांत पाण्याचा विस्तार बदलणार आहे. गावे हलतील, पिके बदलतील आणि पक्ष्यांचे मुक्कामही बदलतील. पंचवीस वर्षांनी कोणी विचारील, की पूर्वी येथे हिवाळ्यात किती बदके उतरत, भोरड्यांचे थवे केवढे असत? त्या वेळी आठवणी सांगणारे पुष्कळ भेटतील. उत्तर मात्र आज ज्याने वहीत आकडा लिहून ठेवला असेल, त्याच्याकडेच असेल.